कोव्ह गाव पायी पाहताना : क्रम, तयारी आणि नेहमी होणाऱ्या चुका

आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर कॉर्क शहराच्या खाली एक विस्तीर्ण नैसर्गिक बंदर आहे आणि त्या बंदरातल्या ग्रेट आयलंड नावाच्या बेटावर, दक्षिणेकडे तोंड करून, कोव्ह हे गाव उतारावर वसले आहे. कॉर्कमध्ये नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्या मराठी मंडळींकडे भारतातून आई-वडील आले की पहिल्याच शनिवारी त्यांना येथे आणण्याची पद्धत पडून गेली आहे. गाव लहान आहे, गाडी थेट जाते, म्हणून कोणी फारशी तयारी करत नाही. बहुतेक जण उशिरा पोहोचतात, प्रथम दिसणाऱ्या उंच मनोऱ्याकडे चढत सुटतात, दमून खाली येतात आणि तेव्हा त्यांना कळते की समोरच्या स्पाइक बेटावर जाणारी बोट निघून गेली आहे. मी स्वतः पहिल्या खेपेस नेमके हेच केले होते. पुढील टप्पे कोव्ह एका दिवसात, पायी आणि गुडघ्यांना फार त्रास न देता पाहण्यासाठी आहेत. या गावात आधी पाणी आणि मग डोंगर हा क्रम पाळला की बाकीच्या बहुतेक अडचणी आपोआप टळतात.

नावाविषयी एक सूचना आधीच द्यायला हवी. रोमन लिपीतल्या Cobh या स्पेलिंगमुळे आपल्याकडचे लोक हे नाव ‘कोभ’ असे वाचतात आणि तिकीट खिडकीवर तसेच उच्चारतात. आयरिश लेखनपद्धतीत ती शेवटची दोन अक्षरे मिळून ‘व’ असा उच्चार होतो, म्हणून नाव ‘कोव्ह’. जुन्या नकाशांत आणि जहाजांच्या कागदपत्रांत हेच गाव ‘क्वीन्सटाउन’ म्हणून सापडेल, कारण १८४९ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या भेटीनंतर दिलेले ते नाव पुढे सुमारे सात दशके चालले.

टप्पा १ : आदल्या दिवशी ठरवायच्या गोष्टी

सर्वांत आधी स्पाइक बेटाच्या बोटीचे आरक्षण पाहावे, कारण संपूर्ण दिवसाचे वेळापत्रक त्या एका वेळेवरून ठरते. बोट गावातल्या केनेडी धक्क्यावरून सुटते आणि साधारण पाव तासात बेटावर पोहोचते, पण बेटावरची गढी, जुना तुरुंग आणि तटबंदीवरची फेरी धरून एकूण साडेतीन तास जातात. बोट दुपारची मिळाली तर उरलेला गाव पाहायला वेळ उरत नाही, म्हणून शक्यतो दिवसाची पहिली किंवा दुसरी फेरी घ्यावी. हिवाळ्यात फेऱ्या कमी होतात आणि वादळी हवेत त्या रद्दही होतात, तेव्हा सकाळी निघण्यापूर्वी आरक्षणाचा ई-मेल पुन्हा एकदा उघडून पाहावा.

दुसरी गोष्ट क्रूझ जहाजांची. ही प्रचंड जहाजे कोव्हला रेल्वे स्टेशनाशेजारच्याच धक्क्याला लागतात आणि एका सकाळी हजारो प्रवासी गावात उतरतात. जहाज पाहण्याची हौस असेल तर तो दिवस मुद्दाम निवडावा. शांतपणे संग्रहालये पाहायची असतील तर कॉर्क बंदराचे वेळापत्रक पाहून जहाज नसलेला दिवस निवडावा. गर्दीच्या दिवशी कॅफेत बसायला जागा मिळणेही कठीण होते.

तिसरी गोष्ट कॅथीड्रलची, म्हणजे त्या उंच मनोऱ्याच्या चर्चची. ते पाहायचे स्थळ नंतर, आधी ते वापरातले चर्च आहे. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असताना आत फिरून फोटो काढणे शोभत नाही. लग्न किंवा अंत्यविधी चालू असेल तेव्हाही बाहेरच थांबावे.

तपासून घ्या : सूर्यास्ताची वेळ. कोव्ह उत्तरेकडे इतके दूर आहे की जूनच्या अखेरीस रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तर डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडू लागतो. हिवाळ्यात हा सगळा कार्यक्रम एका दिवसात बसत नाही. तेव्हा बेट सोडून द्यावे आणि फक्त गाव पाहावे.

भारतातून येणाऱ्या पाहुण्यांसाठी आणखी एक गोष्ट. आयर्लंड शेंगेन क्षेत्रात नाही, त्यामुळे फ्रान्स-जर्मनी फिरण्यासाठी घेतलेल्या शेंगेन व्हिसावर येथे येता येत नाही. चलन मात्र युरोच आहे. आयर्लंड आणि ब्रिटन यांत गल्लत करून खिशात पौंड घेऊन आलेले लोकही मी पाहिले आहेत.

टप्पा २ : कपडे, जोडे आणि पिशवी

बंदरावर वारा सतत असतो आणि पाऊस खालून, बाजूने, कोठूनही येतो. छत्री येथे फार काळ टिकत नाही. ती उलटी होते आणि मग दिवसभर वागवावी लागते. टोपी असलेला, वारा अडवणारा रेनकोट घ्यावा आणि त्याखाली एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन पातळ थर घालावेत, कारण चढावर घाम येतो आणि बोटीवर त्याच अंगाला गार वारा लागतो. जुलैतही हे लागू आहे.

जोड्यांबाबत तडजोड करू नये. गावातले काही रस्ते इतके उभे आहेत की कोकणातल्या पाखाडीची आठवण व्हावी, फक्त येथे बहुतेक ठिकाणी पायऱ्यांऐवजी गुळगुळीत डांबर किंवा सिमेंट असते आणि ओले झाले की ते निसरडे होते. साडीवर चपला घालून आलेल्या आईंना उतरताना मुलाचा दंड धरावा लागतो. चढण्यापेक्षा उतरण्याची भीती अधिक असते, हे घरून निघतानाच त्यांना सांगून पकड असलेले बूट घालायला लावावेत.

खाण्याचा डबा बरोबर असावा. गावात कॅफे आणि पब पुरेसे आहेत, परंतु शाकाहारी माणसाला पर्याय मोजके असतात : दिवसाचे सूप, तपकिरी सोडा ब्रेड, बटाट्याचे चिप्स, सँडविच. सूप भाज्यांचे असले तरी ते कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेले असू शकते, म्हणून ऑर्डर देण्याआधी विचारावे. दुपारचे जेवण देणारी स्वयंपाकघरे दुपारनंतर काही वेळ बंद होतात आणि अनेक कॅफे संध्याकाळी पाचच्या आसपास आवरतात. नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे. बाटली भरून घ्यावी.

इशारा : समुद्रपक्ष्यांपासून डबा सांभाळा. माझ्या सासऱ्यांनी धक्क्याजवळच्या बाकावर दशमीचा घास उचलला आणि तो तोंडात जाण्यापूर्वीच एक पांढरा धिप्पाड गल पक्षी खांद्यावरून झेपावला. दशमी गेली ती गेलीच, वर बोटालाही चोच लागली. भिंतीला पाठ टेकवून बसावे आणि डब्याचे झाकण लगेच लावावे.

टप्पा ३ : कॉर्कहून गाडी

कॉर्कच्या केंट स्टेशनवरून कोव्हची लोकल सुटते आणि पंचवीस मिनिटांच्या आसपास पोहोचते. डब्लिनहून येणाऱ्यांनाही केंटला गाडी बदलावीच लागते. रविवारी गाड्या कमी असतात.

येथली सर्वांत सामान्य चूक म्हणजे चुकीच्या गाडीत बसणे. याच स्टेशनवरून, याच दिशेने, अगदी तशाच दिसणाऱ्या डब्यांची मिडल्टनची गाडीही सुटते आणि ग्लॉनथॉन स्टेशनापर्यंत दोन्ही गाड्या एकाच मार्गाने जातात. त्यानंतर कोव्हची गाडी दक्षिणेकडे वळते आणि मिडल्टनची सरळ पूर्वेला जाते. चूक लक्षात आली तर ग्लॉनथॉनला उतरून मागून येणाऱ्या कोव्हच्या गाडीची वाट पाहावी. पुढे निघून गेलात तर परत यावे लागते आणि बोट चुकते.

डब्यात शिरल्यावर गाडीच्या दिशेने तोंड केल्यास उजव्या हाताची खिडकी धरावी. आधी लॉक मेहन ही खाडी आणि नंतर बंदराचा पश्चिमेकडचा अरुंद भाग असे पाणी बहुतेक त्याच बाजूला दिसत राहते. फोटा, कॅरिगालो, रशब्रुक अशी स्टेशने लागतात आणि कोव्ह हे शेवटचे. रशब्रुकला घरे आणि पाणी दिसू लागल्याने लोक घाईने उठतात. तेथे उतरू नये. फोटा स्टेशनला प्राणिसंग्रहालय आहे आणि लहान मुले ते पाहिल्यावर हट्ट धरतात, परंतु त्यासाठी स्वतंत्र दिवस ठेवावा. कोव्ह आणि फोटा एकाच दिवशी उरकू पाहणाऱ्यांना दोन्हीपैकी एकही नीट पाहायला मिळत नाही.

टप्पा ४ : स्टेशनाबाहेर, आधी अ‍ॅनी मूर

स्टेशनच्या जुन्या इमारतीतच कोव्ह हेरिटेज सेंटर हे संग्रहालय आहे. बोट सकाळची असेल तर तेथे लगेच शिरू नये. ते दिवसाच्या शेवटी गाडीच्या आधी पाहणे सोयीचे असते. बोट उशिराची असेल तर मात्र येथूनच सुरुवात करावी. दोन्ही बाबतींत शेवटच्या प्रवेशाची वेळ दारावर पाहून ठेवावी, कारण ती बंद होण्याच्या वेळेच्या बरीच आधी असते.

बाहेर धक्क्यावर अ‍ॅनी मूर आणि तिच्या दोन लहान भावांचा पुतळा आहे. डिसेंबर १८९१ मध्ये ही मुलगी या बंदरातून ‘नेव्हाडा’ जहाजाने निघाली आणि १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर नोंद झालेली पहिली स्थलांतरित ठरली. पुतळ्यासमोर नुसता फोटो काढून पुढे जाऊ नये. दोन मिनिटे थांबून तिघांच्या मुद्रा पाहाव्यात. एक भाऊ बोट करून पाण्याकडे दाखवत आहे, तर ती मात्र मागे, गावाकडे वळून पाहते आहे.

टप्पा ५ : धक्क्याच्या कडेने पूर्वेकडे

स्टेशनकडून गावाच्या मध्यभागापर्यंत सपाट रस्ता आहे आणि रमतगमत चालले तरी दहा-पंधरा मिनिटे लागतात. पाणी उजव्या हाताला ठेवून चालत राहावे म्हणजे रस्ता चुकण्याचा प्रश्नच येत नाही. वाटेत पाण्याच्या कडेला एक देखणी कमानदार इमारत लागते. हे सिरियस कला केंद्र असून इमारत मुळात यॉट क्लबची होती. समोर दोन बेटे दिसतात. यंत्रे, क्रेन आणि करड्या रंगाच्या युद्धनौका ज्यावर दिसतात ते हॉलबोलिन, आयरिश नौदलाचे ठाणे. नौदलाच्या ठाण्यात जाता येत नाही. हिरवळीवर सपाट बुटकी तटबंदी दिसते ते स्पाइक. या दोहोंत नेहमी गल्लत होते.

पुढे केनेडी पार्क, त्यातला बँडस्टँड आणि जुन्या तोफा आहेत. बोटीला अर्धा तास असेल तर येथेच बसावे. वर चढण्याचा मोह येथेच होतो, कारण कॅथीड्रल अगदी डोक्यावर उभे असते आणि पाच मिनिटांचे अंतर वाटते. माझी पहिल्या वेळची बोट याच मोहापायी चुकली. मी, पत्नी आणि सासू-सासरे धापा टाकत वर गेलो, आतून पाहून होईपर्यंत पाऊण तास गेला आणि खाली आलो तेव्हा बोट धक्क्यापासून वीस हात दूर गेली होती.

टप्पा ६ : स्पाइक बेट

धक्क्यावर सुटण्याच्या वेळेपूर्वी निदान पंधरा मिनिटे उभे राहावे. बोटीवर बाहेरची जागा घ्यायची असेल तर टोपी आधीच बांधावी. परतीच्या फेरीची वेळ तिकिटावर असते. ती मोबाइलमध्ये गजर लावून ठेवावी, कारण बेटावर काळाचे भान राहत नाही.

उतरल्यावर धक्क्यापासून गढीच्या दारापर्यंत चढ आहे. मार्गदर्शकाची फेरी चालू होत असेल तर आधी ती घ्यावी आणि तटावरचे चालणे नंतर करावे. उलट क्रमाने गेल्यास फेरी हुकते. गढीचा आकार ताऱ्यासारखा असून तो खाली उभे राहून कळत नाही. तटावर चढल्यावर एकेक कोन बाहेर आलेला दिसतो आणि तोफा कोणत्या बाजूंनी रोखलेल्या असत हे लक्षात येते. १८४७ पासून १८८३ पर्यंत येथे कैदी ठेवले जात आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा तुरुंग चालला, तो २००४ मध्ये बंद झाला. दोन्ही काळांतल्या कोठड्या पाहता येतात. लहान मुले बरोबर असतील तर एकोणिसाव्या शतकातल्या शिक्षेच्या विभागात नेण्यापूर्वी विचार करावा; तो भाग अंधारा आणि उदास करणारा आहे.

इशारा : तटबंदीवर सर्वत्र कठडे नाहीत. फोटोसाठी मागे-मागे सरकू नये.

टप्पा ७ : केसमेंट चौक आणि टायटॅनिकचे तिकीट घर

बोटीतून परतल्यावर जेवण उरकावे आणि मग केसमेंट चौकात यावे. चौकातले स्मारक लुसिटानिया जहाजाचे आहे. ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने बुडवलेल्या या जहाजावर सुमारे १,२०० माणसे मेली. जहाज या बंदरात बुडाले अशी समजूत करून घेऊन लोक पाण्याकडे बोट दाखवतात. ते बरेच पश्चिमेला, ओल्ड हेड ऑफ किन्सेल या भूशिरापलीकडे बुडाले. वाचलेले आणि मेलेले मात्र येथे आणले गेले.

जवळच टायटॅनिक चालवणाऱ्या व्हाइट स्टार लाइन कंपनीचे जुने तिकीट घर आहे आणि त्यात टायटॅनिकविषयीचे प्रदर्शन आहे. प्रवेशाच्या वेळा ठरलेल्या असतात, म्हणून क्रूझच्या दिवशी आधी आरक्षण करावे. आत जाताना हाती एका खऱ्या प्रवाशाच्या नावाचे कार्ड मिळते आणि तो वाचला की नाही हे शेवटी कळते. कार्ड खिशात टाकून विसरू नये, त्यावरच सगळी रंगत आहे.

टायटॅनिक कोणत्या धक्क्याला लागली होती हा प्रश्न येथे हमखास विचारला जातो. ती कोणत्याच धक्क्याला लागली नाही. जहाज फार मोठे असल्यामुळे ११ एप्रिल १९१२ रोजी ते बंदराच्या तोंडाशी नांगरून उभे राहिले आणि १२३ प्रवाशांना दोन लहान वाफेच्या बोटींनी तेथे नेण्यात आले. रत्नागिरी-वेंगुर्ल्याला आगबोट खोल पाण्यात थांबायची आणि उतारू पडावातून जायचे, ते ज्यांनी पाहिले किंवा ऐकले आहे त्यांना हे चटकन समजते. १२३ पैकी ११३ तिसऱ्या वर्गाचे होते. ते ज्या लाकडी धक्क्यावरून त्या लहान बोटींत चढले त्याचे कुजके खांब इमारतीच्या मागच्या बाजूला अजून पाण्यात उभे आहेत. ओहोटीला ते अधिक उघडे पडतात, म्हणून भरतीची वेळ असेल तर परतताना पुन्हा एकदा डोकवावे.

टप्पा ८ : चढ, कॅथीड्रल आणि रंगीत घरांची ओळ

आता चढावे. घाई करू नये. वळणावर थांबून मागे बंदराकडे पाहावे, त्यात विश्रांतीही होते आणि वयस्कर माणसाला आपण दमलो असे म्हणावे लागत नाही. ज्यांचे गुडघे खरोखर दुखतात त्यांच्यासाठी केसमेंट चौकातून टॅक्सीने वर जाऊन सर्वांबरोबर पायी उतरणे असा विचार केला जातो, पण मी वर सांगितल्याप्रमाणे उतारच अधिक त्रासाचा आहे, तेव्हा त्यांनी दोन्ही वेळा गाडीच करावी.

सेंट कोलमन कॅथीड्रलचे बांधकाम १८६८ मध्ये सुरू होऊन १९१९ मध्ये पूर्ण झाले. मनोरा सुमारे ९१ मीटर उंच आहे आणि त्यात ४९ घंटांचा संच असून सर्वांत मोठी घंटा साडेतीन टनांच्या घरातली आहे. उन्हाळ्यात रविवारी दुपारी या घंटांवर वादन होते. ते आत बसून ऐकण्याची चूक करू नये. थोडे खाली, उतारावर उभे राहिले की नाद अधिक चांगला येतो. आत मोबाइल मूक ठेवावा, टोपी काढावी आणि छताकडे पाहण्यापूर्वी जमिनीवरचे मोझॅक पाहावे.

बाहेर आल्यावर आल्या वाटेने परत न जाता पश्चिमेकडे वळावे. तेथे वेस्ट व्ह्यू ही २३ घरांची ओळ उतारावर उभी आहे आणि स्थानिक लोक तिला ‘पत्त्यांचा कॅट’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात, कारण सगळ्यांत खालचे घर पडले तर बाकीची एकावर एक कोसळतील असे वाटते. घरांसमोरच्या लहान बागेतून मागे कॅथीड्रल धरून फोटो येतो. सकाळी ऊन समोरून डोळ्यांवर येते. दुपारनंतर घरांचे रंग खुलतात. चढ आणि कॅथीड्रल दिवसाच्या उत्तरार्धात ठेवण्याचे हेही एक कारण आहे.

इशारा : ही राहती घरे आहेत. दाराच्या पायरीवर बसणे, खिडकीत डोकावणे, कुंड्या सरकवणे, फोटोसाठी भिंतींवर चढणे यांपैकी काहीही करू नये.

टप्पा ९ : वेळ उरल्यास

उन्हाळ्यात संध्याकाळ लांब असते. अशा वेळी गावाच्या उत्तरेला दोन-तीन किलोमीटरवर असलेल्या जुन्या दफनभूमीत जाता येते. लुसिटानियावरच्या अनेक मृतांच्या तीन सामुदायिक कबरी तेथे आहेत. जाताना चाळीस मिनिटे धरावीत. रस्ता ग्रामीण आहे, काही ठिकाणी अरुंद आहे, आणि वाहने भारताप्रमाणेच डावीकडून चालत असल्यामुळे पायी जाताना उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असे चालावे. अंधार पडल्यावर जाऊ नये. हे सर्वांसाठी नाही; ज्यांना नावे वाचत शांत फिरायला आवडते त्यांनीच जावे.

टप्पा १० : परतीची गाडी

वेस्ट व्ह्यूवरून उतरले की स्टेशन जवळच राहते आणि हेरिटेज सेंटर सकाळी सोडले असेल तर आता पाहता येते. गाडीच्या वेळा सकाळीच फोटो काढून ठेवाव्यात, विशेषतः शेवटच्या दोन गाड्यांच्या. क्रूझचा दिवस असेल तर जहाज सुटण्याच्या वेळी अनेक गावकरी धक्क्यावर निरोप द्यायला येतात आणि फलाटाजवळ गर्दी होते, म्हणून एक गाडी आधीची धरावी. या वेळी डाव्या हाताच्या खिडकीत बसावे. परतताना पाणी त्या बाजूला येते.